कोरडं टिकलं, ओलं नासलं: उटणं, साबण आणि मुठेलाच्या वर्षभराच्या नोंदी

18 ऑगस्ट 2024, रविवार

आज बाथरूममधलं कपाट रिकामं केलं. सतरा वस्तू निघाल्या. हिशेबाच्या नोकरीमुळे जडलेली खोड, म्हणून छापील किमतींची बेरीज केली: 6,240 रुपये. सहा वस्तूंची मुदत कधीच संपून गेली होती.

हे का करतेय तेही लिहून ठेवते. गालांवर वांग आले म्हणून दीड वर्ष एक ट्यूब लावत होते. पार्लरमधल्या बाईंनी सुचवली, औषधाच्या दुकानात चिठ्ठी न मागता मिळाली. आधी चेहरा उजळला, मग पातळ कागदासारखा झाला, आणि एक दिवस लावली नाही तर भाजल्यासारखा लाल व्हायला लागला. जुलैत त्वचेच्या डॉक्टर बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्यांदा वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं स्टेरॉइड. ट्यूबच्या लेबलवर कडेला उभी लाल रेघ होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही असं औषध. दीड वर्षात ती रेघ मला एकदाही दिसली नव्हती.

आता मागे वळून बघता ते प्रसाधन नव्हतंच, औषध होतं. पण माझा राग निघाला साबण, फेसवॉश आणि लोशनवर. ठरवलं की यापुढे अंगाला लागेल ते घरी केलेलं किंवा निदान ज्यातला प्रत्येक घटक मला ओळखू येतो असं. रागाच्या भरात सनस्क्रीनही कचऱ्यात टाकलं. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडलेली.

1 सप्टेंबर

सुरुवात गॅलरीतल्या कोरफडीपासून, कारण फुकट. पान कापलं, गर काढला, चेहऱ्याला चोपडला. दहा मिनिटांत हनुवटीपासून कानापर्यंत खाज. सासूबाईंनी बघितलं आणि विचारलं, "पिवळं पाणी गळू दिलंस का गं?" दिलं नव्हतं. सालीच्या आतून जो पिवळा कडू चीक येतो तो खाजरा असतो. पान कापून अर्धा तास उभं ठेवायचं, चीक गळू द्यायचा, साल जाडसर काढायची, गर दोनदा धुवायचा. दुसऱ्या खेपेला खाज नाही.

मग हाव सुटली. चार पानांचा गर मिक्सरमधून काढून बाटलीत भरला. टिकावा म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या.

7 सप्टेंबर

आज गणपती बसले. फ्रिजमधला कोरफडीचा गर गुलाबी झालाय आणि बाटली उघडल्यावर आंबूस वास येतो. सहा दिवस टिकला. व्हिटॅमिन ईने तेल खवट व्हायला वेळ लागतो, जंतूंना त्याचं काही नसतं. पाण्यात जंतू वाढणारच. चार पानं वाया, शिवाय कॅप्सूलची पट्टी 38 रुपये. यापुढे कोरफड लागेल तेव्हा तेवढीच कापायची.

20 सप्टेंबर

ही नोंद लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्या कोणी हेच करू नये म्हणून लिहिते.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी, मंगळवारी, बेसनात अर्धं लिंबू पिळून चेहऱ्याला आणि मानेला लावलं. वांगावर लिंबू उत्तम, असं ऐकत आलेले. धुतलं असं मला वाटलं. मानेवरून ओघळलेलं राहिलं असणार. मग दुपारभर पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक बघत उभी. सनस्क्रीन कचऱ्यात.

काल मान चुरचुरत होती, आज तिथे ओघळाच्या आकाराचे तपकिरी पट्टे उमटलेत. उजव्या गालावरचा वांगही गडद झालाय. डॉक्टर बाईंनी ओळखायला पाच सेकंदही घेतली नाहीत. लिंबात एक द्रव्य असतं, ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते आणि नंतर काळवंडते. बागेत लिंबू सरबत करणारी माणसं हातांवर असेच डाग घेऊन येतात म्हणाल्या. जायला काही आठवडे, कदाचित महिने.

"नैसर्गिक लावताय तर लावा, पण सनस्क्रीन आजपासून परत. आणि ते घरी करायच्या भानगडीत पडू नका." दुसऱ्या वाक्याची गरज होती, कारण झिंक ऑक्साइडची पूड ऑनलाइन टोपलीत आधीच टाकून ठेवली होती. ती पूड तेलात सारखी मिसळत नाही, गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांच्या मधल्या जागेतून ऊन सरळ आत. आपल्याला दिसतं ते पांढरं झालेलं तोंड, अडलेलं ऊन दिसत नाही. टोपली रिकामी केली. सनस्क्रीन 490 रुपये, तपासणी 600.

13 ऑक्टोबर

दिवाळीला उटणं घरचंच करायचं ठरलं. काल दसऱ्याला नवऱ्याला गाडीवर बसवून बोहरी आळीत नेलं. काष्ठौषधीच्या दुकानात सासूबाईंनी सांगितलेली यादी दिली. मला पडलेले दर: नागरमोथा 100 ग्रॅम 50, कपूरकाचरी 100 ग्रॅम 70, वाळा 50 ग्रॅम 60, आंबेहळद 100 ग्रॅम 60, गुलाबपाकळी 100 ग्रॅम 80, मुलतानी माती अर्धा किलो 70. घरी मसुराची डाळ आणि मागच्या हिवाळ्यात वाळवलेली संत्र्याची सालं होती.

चंदन घेतलं नाही. दुकानदारच म्हणाला, "ताई, शंभर रुपयांत जे मिळतं त्याला फक्त चंदनाचा वास असतो." प्रामाणिक माणूस. नंतर त्यानेच "डागांवर बावची घाला" म्हणून पुडी पुढे केली. ती मात्र नको म्हटलं. बावचीचा गुणही लिंबासारखाच, उन्हात भाजवणारा. वैद्य कोडावर ती वापरतात ती याच गुणामुळे. मानेवरचे पट्टे अजून तसेच असताना पुन्हा तीच हौस नको.

20 ऑक्टोबर

उटण्याचा पहिला घाणा पूर्ण वाया.

वाळ्याच्या मुळ्या मिक्सरमध्ये दळल्याच जात नाहीत. पात्याभोवती केसांसारख्या गुंडाळल्या गेल्या आणि मोटारीतून जळका वास यायला लागला. नागरमोथ्याच्या गाठी तर खडखड वाजत नुसत्या फिरत राहिल्या. पिठाच्या गिरणीवाल्याने वास घेऊनच डबा परत केला, त्याच्या गव्हाला वास लागेल म्हणून. मग मसाला कांडपवाल्या मावशींकडे गेले. संध्याकाळी शेवटचं लावून देते म्हणाल्या, 60 रुपये घेतले. छान बारीक पूड आली, रंगही सुरेख. सव्वा किलो.

घरी येऊन उत्साहात मनगटावर चोळलं. दोन मिनिटांनी आग आग. कांडपात माझ्या आधी संकेश्वरी मिरची होती. मावशींनी मशीन झाडली होती, पण मिरची झाडून जाणाऱ्यातली नाही. नवरा म्हणाला, "यंदा पहिल्या आंघोळीला कारीट फोडायची गरज नाही, आपणच फुटू." सव्वा किलो उटणं कुंड्यांत टाकलं. 450 रुपये आणि दोन संध्याकाळी गेल्या.

27 ऑक्टोबर

दुसरा घाणा. सगळं पुन्हा आणलं, 430 रुपये. या वेळी वस्तू तीन दिवस उन्हात कडक वाळवल्या, कारण गेल्या खेपेला माल सर्द होता हेही न दळण्याचं एक कारण होतं. वाळा कात्रीने अर्ध्या इंचाचे तुकडे करून, नागरमोथा खलबत्त्यात फोडून, मग थोडं थोडं मिक्सरमध्ये. मिक्सरचं भांडं जुनं, आता उटण्याचंच. चटणीला कपूरकाचरीचा वास लागला तर घरात राहणं अवघड होईल.

मग वस्त्रगाळ. चाळणीने भागत नाही, बोटांना मऊ लागणारी पूडही चेहऱ्यावर ओरखडते. जुनी मलमलची ओढणी पातेल्यावर ताणून बांधली आणि हाताने पूड फिरवत राहिले. सव्वा किलोतून खाली आली 720 ग्रॅम. ओढणीवर राहिलेला चोथा पायांना चोळायला वेगळा ठेवला. एकूण साडेचार तास लागले. खांदा दोन दिवस दुखला.

कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघायची, हा नियम मिरचीने शिकवला. घरातल्या चौघांचीही चाचणी घेतली. कोणाला काही नाही.

31 ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. तेल लावून उटणं. लेक म्हणाली, "आई, आजीच्या कपाटासारखा वास येतोय." आंबेहळद मी जरा जास्त घातली होती, ऑफिसात दोघींनी कावीळ झालीय का विचारलं. पुढच्या वेळी निम्मी.

24 नोव्हेंबर

साबणाकडे वळले. दुकानातल्या वड्यांचे कागद पहिल्यांदाच नीट वाचले. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात एकूण स्निग्धाम्ल (कागदावरचं टीएफएम, म्हणजे तेलातून आलेला भाग) किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70, तिसऱ्यात 60. आणि 'बाथिंग बार' लिहिलेलं असेल तर 40 टक्केही चालतं. आमच्याकडची महागडी, पानाफुलांच्या चित्रांची वडी बाथिंग बार निघाली. साध्या कागदातली स्वस्त वडी पहिल्या प्रतीची.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. सोड्याशिवाय साबण होत नाही, 'केमिकल नसलेला साबण' असं कोणी विकत असेल तर त्याला साबण कशाचा ते विचारावं. तयार वडीत सोडा उरत नाही, तेलाबरोबर तो संपतो, पण माप चुकलं तर उरतो. म्हणून इथे चमचा-वाटीचं काम नाही, काटा हवा. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा 380 रुपये, चष्मा आणि रबरी हातमोजे 210, सोडा अर्धा किलो 120.

घाणा पहिला: तेलघाण्याचं खोबरेल 500 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅम खोबरेलाला 0.183 ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे 91.5. तेल थोडं शिल्लक राहावं म्हणून 5 टक्के कमी, 87 ग्रॅम. पाणी 190. गॅलरीत, लेकीला खोलीत कोंडून. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, उसळतं. पाणी बघता बघता इतकं तापतं की भांडं धरवत नाही.

पातेलं स्टीलचं घेतलं होतं. ढवळायला मात्र हाताला लागला तो डाव घेतला, तो ॲल्युमिनियमचा. फसफसून बुडबुडे आले, डाव काळा पडला. ॲल्युमिनियम आणि सोडा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. गॅलरी उघडी होती म्हणून निभावलं. ते सगळं भरपूर पाण्यात ओतून दिलं आणि 87 ग्रॅम पुन्हा मोजले. आता साबणाच्या भांड्यांवर लाल रंगाचा ठिपका आहे, स्वयंपाकघरात ती परत जात नाहीत.

8 डिसेंबर

दोन आठवडे झाले, धीर धरवेना, एक वडी वापरली. फेस भरपूर, अगदी आमच्या टँकरच्या क्षाराच्या पाण्यातही. पण अंग पापडासारखं ताणलं गेलं, नडगीवर पांढरे ओरखडे. एक तर वडी कच्ची, चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवायलाच हवी. आणि नुसत्या खोबरेलाचा साबण मुळात कडक. तो मळ काढतो तसं अंगचं तेलही काढतो. सगळ्या वड्या कपड्यांच्या कॉलरसाठी ठेवल्या, तिथे झकास काम करतात.

मानेवरचे पट्टे आता शोधावे लागतात. अकरा आठवडे.

5 जानेवारी 2025

घाणा दुसरा: खोबरेल 250, तेलघाण्याचं शेंगदाणा तेल 150, कुडाळहून आलेलं कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं तूप) 50, एरंडेल 50. प्रत्येकाचा सोडा वेगळा काढून बेरीज 79.3, त्यात 7 टक्के सूट, 74 ग्रॅम. एरंडेलाने फेस टिकतो, मुठेलाने वडी टणक होते.

रंगासाठी एक चमचा हळद घातली. बाजूच्या स्टुलावर बसून सासूबाई बघत होत्या. पिवळं मिश्रण डोळ्यांदेखत लालभडक झालं. मी घाबरले, काहीतरी बिघडलं म्हणून. त्या म्हणाल्या, "घाबरतेस काय, कुंकू असंच तर करतात. हळदीला चुना लागला की लाल." बरोबर, सोडाही चुन्यासारखाच क्षार. नंतर वाळता वाळता रंग उतरून भगवा आणि मग फिका विटकरी झाला. सात वड्या, प्रत्येकी साधारण 93 ग्रॅम. माल 245 रुपयांचा, म्हणजे वडी 35 रुपये, माझे तीन तास धरले नाहीत तर. धरले तर कोणाला सांगायची सोय नाही.

16 फेब्रुवारी

सहा आठवड्यांनी वापरायला काढली. चांगली आहे. अंग ताणत नाही, वास असा काही नाही. बादलीच्या कडेला मात्र पांढरी साय धरते. क्षाराच्या पाण्यात खरा साबण असाच वागतो, त्याला इलाज मिळालेला नाही, घासणी आहे.

चेहऱ्याला चालली नाही. चार दिवसांत गाल चुरचुरायला लागले. कितीही हाताने केलेला असला तरी साबण क्षारधर्मीच असतो, आम्लता-क्षारता मोजायच्या (pH) पट्टीवर 9 ते 10 दाखवतो, आणि माझी स्टेरॉइडने सोललेली कातडी अजून पूर्ण भरलेली नाही. डॉक्टर बाईंनी सांगितलेला बिनवासाचा, बिनसाबणाचा फेसवॉश परत आणला. 310 रुपये. कपाटात ठेवताना जरा हरल्यासारखं वाटलं, दोन दिवसांनी तेही वाटेना.

11 मे, कुडाळ

सुट्टीत सासरी. उद्देश एकच, मुठेल स्वतः करून बघायचं. नवऱ्याची आत्या ते करणारी गावातली शेवटच्या दोघीतिघींपैकी. कोकमाची आमसुलं घातली की बिया उरतात, त्याच बियांतून हे तूप निघतं. भेगा पडलेल्या टाचांना आणि थंडीत फुटलेल्या ओठांना इथे पिढ्यान्‌पिढ्या हेच. गरम असताना मुठीत वळून गोळा करतात, म्हणून मुठेल.

बिया धुऊन अंगणात पसरल्या. चार किलोच्या वर आहेत. कडक आठ-दहा उन्हं लागतात.

26 मे

उन्हं मिळालीच नाहीत. 20 तारखेच्या आसपास पावसाने जो जोर धरला तो थांबेना, आणि काल तर मोसमी पाऊस राज्यात आल्याचं जाहीरच झालं, मे महिन्यात. आत्या म्हणते असा पाऊस तिने बघितला नाही. बिया पडवीत, पंख्याखाली, चुलीच्या माळ्यावर, मिळेल तिथे पसरल्या. निम्म्यांना बुरशी आली. बुरशीच्या बिया निवडून वापराव्यात असा माझा विचार होता, आत्याने सरळ उकिरड्यावर नेऊन टाकल्या.

उरल्या त्या दोन किलो. फोडून मगज निघाला सव्वा किलो. उखळात कुटून, पाटावर वाटून, पाण्यात उकळत ठेवला. तूप वर तरंगतं ते पळीने काढायचं. मी पहिल्या उकळीलाच पळी घातली तर वर आला तो नुसता चोथ्याचा फेस. आत्या हसली, "घाय केलंस तर मुठेल गावचा नाय," म्हणजे घाई केली तर मुठेल मिळायचं नाही. मंद आचेवर तीन तास, मग थंड होऊ दिलं. सकाळी पातेल्यात पिवळट पांढरी चकती धरलेली. ती पुन्हा वितळवून, गाळून, पाणी पूर्ण आटवून गोळे केले. वजन 290 ग्रॅम. दोन बायका, दोन दिवस. बाजारात 290 ग्रॅमला जे पैसे पडतात ते आता मी कुरकुर न करता देईन.

15 जून

मुठेलाचं मलम. 60 ग्रॅम मुठेल, 40 खोबरेल, वितळवून डबीत भरलं आणि ओट्यावर निवत ठेवलं. सकाळी रवाळ. साजूक तूप रवाळ असलं की आपण खूश होतो, मलम रवाळ असलं की ओठांवर वाळू चोळल्यासारखं लागतं. सावकाश थंड झालं की त्यातली टणक चरबी आधी गोठते आणि तिचे कण होतात. पुन्हा पूर्ण वितळवलं, डब्या लगेच फ्रिजमध्ये ठेवल्या. आता लोण्यासारखं.

यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकाऊपणासाठी काही घालावं लागत नाही. ओलं बोट डबीत घालायचं नाही, एवढंच. लेकीला हे सांगून उपयोग नसतो, तिची डबी वेगळी.

एव्हाना कपाटाची विभागणी आपोआप झालीय. पूड, तूप आणि साबण घरचा, कारण त्यात ओलं काही नाही. लोशन, फेसवॉश, सनस्क्रीन, ज्याच्यात पाणी आहे ते दुकानातलं, कारण त्यात टिकण्यासाठी जे घालतात ते मला मोजून घालता येत नाही. लेबलवर 'फिनॉक्सिइथेनॉल' हे टिकण्यासाठी घालायचं द्रव्य दिसलं की मागच्या वर्षी बाटली परत ठेवत होते. गुलाबी कोरफड बघितल्यापासून ठेवत नाही.

17 ऑगस्ट 2025

वर्षाचा हिशेब. एकूण खर्च 5,180 रुपये. त्यातले 1,190 पुन्हा करावे लागणार नाहीत: काटा, चष्मा, हातमोजे, डॉक्टर. निव्वळ वाया 700 च्या आसपास, त्यात मिरचीचं उटणं आघाडीवर. वेळ मोजला तेवढा 61 तास, कुडाळचे दोन दिवस सोडून. कपाटात आता सात वस्तू, चार घरच्या, तीन दुकानच्या. वांग पुष्कळ फिकट झालेत, पण त्याचं श्रेय उटण्याला देता येणार नाही. ट्यूब बंद आहे आणि सनस्क्रीन रोज आहे.

खोबरेल भलतंच महागलंय. जानेवारीत तेलघाण्याचं अर्धा किलो 190 ला आणलं होतं, गेल्या आठवड्यात त्याचेच 310 दिले. पुढच्या घाण्यात खोबरेल 200 वर आणून शेंगदाणा वाढवायचा विचार आहे, पण वडी मऊ पडेल आणि सोडा सगळा नव्याने काढावा लागेल. उटण्याचा माल यंदा सप्टेंबरातच आणून वाळवायला घालायचा. कांडपवाल्या मावशी परवा भेटल्या, म्हणाल्या, "या वेळी मिरचीच्या आधी लावते तुमचं." मी खलबत्ता धुऊन ठेवलाय.